पाटीला एक नाव पुरतं, नोंदीला नाही

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत आयोना नावाचं चिमुकलं बेट आहे. सन 563 मध्ये आयर्लंडहून आलेल्या कोलंबा या साधूनं तिथं मठ उभारला, त्यामुळं ख्रिस्ती जगात या बेटाला मोठा मान. गंमत अशी की त्याचं नाव 'आयोना' कधी नव्हतंच. कोलंबाचं चरित्र लिहिणाऱ्या आडॉम्नान या मठाधिपतीनं लॅटिनमध्ये 'इओउआ' असं रूप वापरलं होतं. पुढं कुणीतरी नकलताना 'यू' हे अक्षर 'एन' म्हणून वाचलं. हातानं लिहिलेल्या रोमन लिपीत ही दोन अक्षरं जुळ्या भावंडांसारखी दिसतात. झालं, 'इओना' रूढ झालं. गेलिक, म्हणजे स्कॉटलंडची जुनी केल्टिक भाषा, बोलणारे लोक मात्र बेटाला साधं 'ई' म्हणत राहिले. पूर्ण नाव घ्यायचं तर 'ई खालम खिले', कोलंबाचं ई.

तिथून दूर वायव्येला, भर अटलांटिकात सेंट किल्डा हे बेट. या नावाचा संत कधी होऊनच गेला नाही. बेटावरचे लोक आपल्या बेटाला 'हिर्श्ट' म्हणत. 'किल्डा' कुठून आलं यावर दोन-तीन तर्क आहेत. नॉर्स भाषेत, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, झऱ्याला 'केल्डा' म्हणतात, तेव्हा तिथल्या एखाद्या पाणवठ्याचं नाव दर्यावर्द्यांनी अख्ख्या बेटाला लावलं असेल. किंवा जुन्या सागरी नकाशात भलत्याच बेटाचं नाव सरकून इथं आलं असेल. 29 ऑगस्ट 1930 रोजी तिथली उरलेली 36 माणसं, हाल सोसवेनात म्हणून, स्वतः विनंती करून बेट सोडून गेली. संत राहिला.

गेलिक स्थलनामांचा विषय निघाला की हे दोन किस्से निघतातच, आणि ऐकणारा हमखास म्हणतो, "मग चूक सुधारून टाका की!" या 'सुधारून टाका'बद्दलच मला लिहायचं आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत स्कॉटलंडमध्ये आणि आयर्लंडमध्ये गावांची, डोंगरांची, स्टेशनांची गेलिक रूपं (आयर्लंडमधली गेलिक म्हणजे आयरिश) ठरवण्याचं काम जोरात चाललं आहे. ते व्हायलाच हवं होतं आणि ते करणारी माणसं अभ्यासू आहेत. पण नावाचं शुद्ध रूप ठरवणं आणि नाव नोंदवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं झालं की दुसरंही झालं असं सरकार समजतं, पैसे देणारे समजतात आणि हळूहळू लोकही समजायला लागतात. माझा आक्षेप तिथं आहे. (आता हे सगळं देवनागरीत लिहिताना मीसुद्धा प्रत्येक नावाचं एक रूप ठरवतोच आहे, आणि स्टॉर्नोवेच्या गेलिक बोलणाऱ्या माणसाला माझे उच्चार ऐकून हसू येईल. चालायचंच.)

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लष्कराच्या ऑर्डनन्स सर्व्हे या खात्यानं सहा इंचाला एक मैल... नव्हे, मैलाला सहा इंच या मापाचे नकाशे काढले. स्कॉटलंडमध्ये हे काम साधारण 1845 पासून 1878 पर्यंत चाललं. मोजणीदारांकडं नावांच्या वह्या असत. एक पान डोळ्यांपुढं आणा. पहिल्या रकान्यात नकाशावर जायचं ते रूप. दुसऱ्यात त्याच नावाची निरनिराळी लेखनं, एकाखाली एक. तिसऱ्यात प्रत्येक लेखनाचा आधार, म्हणजे ते कुणी सांगितलं किंवा कुठल्या कागदात सापडलं. चौथ्यात जागा. पाचव्यात वर्णन: छोटी टेकडी, पायथ्याशी दोन झोपड्या, मालक अमुक. मधूनच एखादं लेखन खोडून वर लाल शाईनं दुसरं केलेलं.

तिसरा रकाना वाचत गेलं की राग यायला लागतो. पाळक, शाळामास्तर, पोस्टमास्तर, जमीनदार आणि जमीनदाराचा कारभारी: फिरून फिरून हेच. त्या जागेवर गुरं चारणारा, तिथलं पीट, म्हणजे वाळवून जाळायची दलदलीतली माती, कापून चूल पेटवणारा माणूस त्यांत क्वचितच. हा निव्वळ योगायोग नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खात्यानं आपल्या माणसांना ज्या सूचना दिल्या, त्यांत स्पष्ट सांगितलं होतं की प्रतिष्ठित रहिवाशांना विचारा. छोटे शेतकरी आणि झोपडीवाले यांच्यावर विसंबू नका, ते स्वतः राहतात त्या जागेच्या नावासाठीसुद्धा नको, आणि लेखनासाठी तर नकोच.

शेवटची अट वरवर वाजवी वाटते. लेखन शिकलेल्यालाच विचारणार ना? पण गेलिक मुलखात तो प्रश्नच चुकीचा होता. तिथली पुष्कळ माणसं गेलिक बायबल वाचत. लिहायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. 1872 च्या शिक्षण कायद्यानं शाळा सक्तीची केली आणि त्यात गेलिकला जागाच ठेवली नाही. अशा माणसाला 'कसं लिहायचं' हे विचारायचं नसतं. 'कसं म्हणता', 'कुठून कुठपर्यंत', 'तुमच्या आजीनं काय म्हटलं होतं' हे विचारायचं असतं.

सदरलंड परगण्याचं उदाहरण घ्या. 1810 च्या दशकात तिथल्या जमीनदारिणीच्या कारभाऱ्यांनी स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातली गावंच्या गावं रिकामी केली, कारण माणसांपेक्षा मेंढ्यांत पैसा जास्त होता. लोकांना खडकाळ किनाऱ्यावर नेऊन बसवलं. तिथल्या एका वस्तीचं आजचं इंग्रजी नाव बेटीहिल. ही बेटी म्हणजे एलिझाबेथ, सदरलंडची काउंटेस, जिच्या जमिनीवरून हे लोक हुसकले गेले तीच. गेलिकमध्ये मात्र त्या जागेला 'अम ब्लारन ओअर' म्हणतात, मळकट पिवळसर रंगाचं छोटं मैदान. मोजणीदार या परगण्यात पोचले 1870 च्या दशकात. तोवर खोऱ्यातल्या ओढ्यांची आणि बांधांची नावं ज्यांना ठाऊक होती त्यांची दुसरी-तिसरी पिढी किनाऱ्यावर मासे धरत होती, आणि खोऱ्यात विचारायला उरले होते मेंढपाळ. त्यांतले बरेच दक्षिणेकडून आलेले.

एवढं सगळं मान्य करूनही त्या वह्यांची बाजू मला घ्यावीशी वाटते, ती त्या तिसऱ्या रकान्यासाठीच. वर्गभेद त्यात आहे, पण तो लपवलेला नाही. कोण बोललं हे लिहिलं आहे, म्हणून कोणाला बोलू दिलं नाही हेही आज दिसतं. दीडशे वर्षांनी एखादा अभ्यासक म्हणू शकतो की हे रूप कारभाऱ्यानं दिलंय, त्याला गेलिक येत नव्हतं, तेव्हा जपून. शेजारच्या गावचा पाळक मात्र तिथलाच होता, त्याचं ऐका. नकाशावर छापलेल्या एका शब्दावरून यातलं काहीच कळलं नसतं.

आयर्लंडमध्ये हेच काम आणखी चांगल्या हातांत पडलं होतं. तिथं 1824 मध्ये मोजणी सुरू झाली आणि 1830 पासून जॉन ओडोनोव्हन हा तरुण विद्वान नावांच्या कामावर आला. परगण्यामागून परगणे तो पायी फिरला. जुन्या सनदांतली आणि वंशावळींतली रूपं आधी गोळा करायची, मग त्या जागी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून नाव ऐकायचं आणि दोन्हींचा मेळ घालायचा, अशी त्याची रीत. पावसात भिजून, कुबट खाणावळीत बसून तो वरिष्ठांना पत्रं लिहायचा. त्या पत्रांत व्युत्पत्ती आहेत, भांडणं आहेत, हवामानाला शिव्या आहेत. नकाशावर अखेर इंग्रजी वळणाचं लेखन गेलं, तो राज्यकर्त्यांचा निर्णय. पण वहीत आयरिश रूप राहिलं. 1946 मध्ये स्वतंत्र आयर्लंडनं स्थलनाम आयोग नेमला, तेव्हा त्याला शून्यातून सुरुवात करावी लागली नाही, ती बरीचशी या वह्यांमुळं. आयोगाची माहिती 2008 पासून सगळ्यांना खुली आहे आणि पुष्कळ नावांखाली जुन्या कागदपत्रांतली रूपं सालवार पाहता येतात. स्कॉटलंडमध्ये असं काम करणारी राष्ट्रीय संस्था स्काय बेटावरच्या गेलिक महाविद्यालयातून चालते. ती स्थानिकांशी बोलून, जुनी रूपं तपासून शिफारस करते, आणि बऱ्याच नावांचा उच्चारही ऐकवते. म्हणजे तिथं कुणाला हे कळत नाही असं मुळीच नाही. अडचण अशी की लोकांसमोर, वर्तमानपत्रांत आणि परगण्याच्या सभांत जो वाद रंगतो, तो जवळजवळ सगळा पाट्यांचा असतो.

पाट्यांचा वाद मजेशीर आहे. स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाला केथनेस परगणा. रस्त्यांवर दोन भाषांतल्या पाट्या लावायचं ठरलं तेव्हा तिथल्या काही नगरसेवकांनी कडाडून विरोध केला. म्हणणं असं की आमचा मुलूख नॉर्स लोकांचा, इथं गेलिक कधी नव्हतीच, मग आमच्या माथी ती का मारता? यात अर्धं सत्य आहे. परगण्याच्या पूर्व भागात नॉर्स वारसा ठसठशीत आहे. पश्चिम भागात मात्र गेलिक पिढ्यानपिढ्या बोलली गेली. आणि खुद्द केथनेसला गेलिकमध्ये 'गालव' म्हणतात, म्हणजे परक्यांचा मुलूख, नॉर्स लोक राहतात तो. थोडक्यात, नगरसेवकांचा मुद्दा गेलिक भाषेनं फार पूर्वीच आपल्या एका नावात नोंदवून ठेवला होता. खर्च आणि अपघात ही विरोधाची आणखी दोन कारणं. 2012 मध्ये सरकारनं करवून घेतलेल्या अभ्यासात अशा पाट्यांमुळं अपघात वाढल्याचं काही दिसलं नाही. तरी वाद थांबला नाही. असले वाद आकडेवारीनं थांबत नसतात.

आयर्लंडमधलं डिंगल प्रकरण जास्त शिकवून जातं. केरी परगण्यातलं हे बंदराचं छोटं गाव, पर्यटकांचं लाडकं. आयरिश बोलणाऱ्या मुलखात गावांचं आयरिश नावच कायदेशीर असेल, असा आदेश 2004 मध्ये निघाला, आणि गावाचं अधिकृत नाव झालं 'अन डँगन', म्हणजे गढी. पाट्यांवरून डिंगल गेलं. गावकरी भडकले. पर्यटक नकाशात डिंगल शोधत येतो, तो वाट चुकणार. शिवाय ओफली परगण्यात दुसरं एक डँगन आहेच. रातोरात पाट्यांवर कुणी रंगानं, कुणी चिकटपट्टीनं 'डिंगल' लिहू लागलं. 2006 मध्ये गावात मतदान झालं. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी 'डिंगल' आणि त्याच्या जोडीला 'डँगन ई खूश' हे लांब, जुनं आयरिश रूप मागितलं. सरकार म्हणालं, कायद्यात याला जागा नाही. 2011 मध्ये कायदाच बदलला, तेव्हा कुठं मिटलं.

डिंगलचे लोक आयरिशच्या विरोधात होते असं हे प्रकरण बाहेर सांगितलं गेलं. मला तसं वाटत नाही. त्यांनी मागितलेलं आयरिश नाव सरकारच्या नावापेक्षा जास्त भरलेलं होतं. त्यात गढी कुणाची होती तेही होतं. सरकारला हवी होती एक सुटसुटीत अधिकृत नोंद. लोकांकडं होती एकाच जागेची तीन नावं, आणि कुठलं कधी वापरायचं याची त्यांना काही अडचण नव्हती. बाजारात एक, घरात एक, जुन्या कागदावर एक.

यातून माझा आग्रह असा: पाटीवर काय लावायचं ते खुशाल एक ठरवा. पाटीला एकच रूप हवं, ताशी नव्वद किलोमीटरनं जाणाऱ्याला पाठभेद वाचायला वेळ नसतो. डोंगरात हरवलेल्याला शोधणाऱ्या पथकालाही एकच नाव लागतं. पण त्या रूपाला 'खरं नाव' म्हणू नका, आणि ते ठरलं म्हणून बाकीच्यांची नोंद थांबवू नका. नोंदीत इंग्रजी वळणाचं, पाळकानं बिघडवलेलं, शेजारच्या वाडीचं, म्हातारीच्या तोंडचं, असं सगळं राहू दे, आणि प्रत्येकासमोर सांगणारा कोण हे राहू दे.

यावर गेलिकप्रेमींचाच एक आक्षेप येतो. इंग्रजांनी मोडलेली रूपं जपायची कशाला? भाषेवर झालेल्या जखमा त्या. भावना समजते. पण मोडलेल्या रूपातही साक्ष असते. गेलिकमध्ये नावाचा आघात बहुधा दुसऱ्या भागावर पडतो, जो भाग वर्णन करतो त्याच्यावर. इंग्रजी बोलणारा माणूस आजही 'इनव्हर्नेस' म्हणताना जोर 'नेस'वर देतो, 'अ‍ॅबरडीन' म्हणताना 'डीन'वर. नावातल्या तुकड्यांचे अर्थ तो केव्हाच विसरला, आघात नाही विसरला. नैऋत्येकडच्या गॅलोवेसारख्या भागात गेलिक बोलणारा शेवटचा माणूस जाऊन काही शतकं झाली. तिथं एखाद्या टेकडीचं मूळ नाव शोधायचं तर इंग्रजी बोलणारा शेतकरी जोर कुठं देतो, हाच कधीकधी एकमेव जिवंत पुरावा. तेव्हा गेलिक न येणाऱ्यांनाही विचारलंच पाहिजे. कारभाऱ्यांनी शेतकऱ्याला गाळलं, आता आपण त्याच शेतकऱ्याच्या पणतूला भाषा येत नाही म्हणून गाळायचं, हे काही बरोबर नाही.

लेखनाचंही तसंच. डोंगराला गेलिकमध्ये 'बेन' म्हणतात आणि तो शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'मोठी' म्हणताना 'मोर'चं 'व्होर' होतं. नकाशावर मात्र सगळीकडं 'बेन मोर'. व्याकरणानं 'बेन व्होर' हवं हे खरं. पण मल बेटावरच्या टोबरमोरीकडं पाहा: मूळ 'टोबर व्होरे', मेरीमातेची विहीर; इंग्रजीत 'म' आला आणि आता त्या रंगीबेरंगी घरांच्या बंदराला जग टोबरमोरी म्हणूनच ओळखतं. दोन्ही रूपं बोलणारे लोक एकाच धक्क्यावर उभे असतात. यातलं एक खोटं ठरवून काय मिळणार?

व्युत्पत्तीच्या बाबतीत तर संयम फारच कमी आहे. नाव ऐकलं की अर्थ हवाच, आणि तोही सुंदर हवा. गेलिक दिसणारं नाव गेलिकच असेल असं नाही. लुईस बेटावरचं स्टॉर्नोवे गेलिकमध्ये लिहितात तेव्हा अस्सल गेलिक दिसतं, पण मूळ नॉर्स आहे. शेवटचा भाग म्हणजे खाडी. 'पिट'नं सुरू होणारी पूर्वेकडची नावं पिक्टिश भाषेतून आलेली, जी भाषाच आता नाही. उलट गेलिक असूनही जुनी नसलेली नावं आहेत. स्काय बेटावरच्या कूलिन डोंगररांगेतलं सर्वांत उंच शिखर स्गूर अ‍ॅलस्टर. किती पुरातन वाटतं! ते आहे अलेक्झांडर निकोल्सन या माणसाच्या नावावर, जो 1873 मध्ये त्यावर पहिल्यांदा चढला. निकोल्सन स्कायचाच, गेलिकचा मोठा जाणकार, म्हणून नाव गेलिकमध्ये पडलं. शेजारच्या शिखरांनाही असेच गिर्यारोहकांचे आणि एका वाटाड्याचे नाव चिकटले आहे. चढणारे येण्याआधी खालच्या वाडीतले लोक त्या सुळक्यांना काय म्हणत, हा प्रश्न विचारायला तेव्हा कुणाला फारशी सवड नव्हती.

म्हणून व्युत्पत्तीच्या रकान्यात 'माहीत नाही' लिहिण्याची मुभा हवी आणि ते लिहिणाऱ्याला शाबासकी हवी. विल्यम वॉटसन हा ईस्टर रॉसमधला, जन्मानं गेलिकभाषक विद्वान. केल्टिक स्थलनामांवरचं त्याचं 1926 चं पुस्तक आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतं. ते टिकलं त्याचं कारण जुनं रूप, साल आणि स्थानिक उच्चार समोर ठेवून तो बोलतो. त्याचा तर्क पटला नाही तरी त्याची सामग्री घेऊन तुम्ही स्वतःचा तर्क करू शकता. नुसता निष्कर्ष दिला असता तर शंभर वर्षांनी तो कोण उघडून पाहणार होतं?

काही नावांचा अर्थ मात्र इतका उघड असतो की जमीन पाहिली की पटतो. टार्बर्ट किंवा टार्बेट नावाची गावं स्कॉटलंडमध्ये अनेक आहेत: हॅरिस बेटावर, किंटायर द्वीपकल्पाच्या तोंडाशी, लोख लोमंड सरोवराच्या काठी. प्रत्येक ठिकाणी दोन पाण्यांच्या मधे जमिनीची अरुंद पट्टी. नावाचा अर्थ 'पलीकडं वाहून नेणं'. होडी खांद्यावर घेऊन किंवा ओढत पलीकडं न्यायची जागा. 1098 मध्ये नॉर्वेचा राजा मॅग्नस याला जहाजानं वळसा घालता येईल ती सगळी बेटं मिळणार असं ठरलं होतं. त्यानं काय करावं? किंटायरच्या टार्बर्टपाशी जहाजात सुकाणू धरून बसला आणि माणसांकडून ते जमिनीवरून ओढवून घेतलं, म्हणजे किंटायरही बेटच ठरलं. सागा, म्हणजे जुन्या नॉर्स कथा, सांगतात ते. वाद घालायचा असेल तर मॅग्नसशी घाला, नावाचा अर्थ मात्र पक्का आहे.

नोंद कुणी करायची याइतकाच महत्त्वाचा प्रश्न काय गाळायचं नाही हा. केर्नगॉर्म डोंगरांत 'डेव्हिल्स पॉइंट' नावाचं एक टोक आहे, सैतानाचा सुळका. गेलिक नाव 'बॉड अन जेव्हन'. राणी व्हिक्टोरियानं तिच्या जॉन ब्राउन या खास नोकराला अर्थ विचारला, तेव्हा त्यानं बाईमाणसापुढं सांगण्यासारखं भाषांतर जागच्या जागी तयार केलं असं सांगतात. खरा अर्थ सैतानाचं लिंग. किस्सा खरा असो नसो, सोवळं इंग्रजी नाव नकाशावर आहे आणि गेलिक नाव जाणणारे अजून हसतात. डोंगराच्या आकाराला स्तन म्हणणारी, ओढ्याला मुताची धार म्हणणारी नावं गुराख्यांच्या सगळ्याच भाषांत असतात, आणि मास्तर-पाळकांच्या तोंडून नावं घेतली की तीच पहिली गळतात.

आणि गळतात ती बारकी नावं. नकाशावर जागा नसते म्हणून. लुईसच्या पीटच्या माळरानावर उन्हाळ्यात गुरं घेऊन बायका-मुली 'आरी'वर राहायला जात, म्हणजे दगड-मातीच्या छोट्या झोपड्यांत. प्रत्येक आरीला नाव, तिच्याजवळच्या झऱ्याला नाव, दलदलीतून सुरक्षित जाणाऱ्या वाटेला नाव. मच्छीमारांची तर आणखी वेगळी: किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की खाली कुठलं मासळीचं ठिकाण, त्यालाही नाव, आणि ते शेजारच्या गावाला सांगायचं नाही. ही नावं एका वाडीपुरती, कधी एका कुटुंबापुरती. त्यांना पाटी कधी लागणार नाही, त्यांच्यावरून नगरसेवक कधी भांडणार नाहीत. माणूस गेला की नाव जातं.

हिशेब इथं करायचा. 2022 च्या जनगणनेत गेलिक थोडीफार येणाऱ्यांची संख्या स्कॉटलंडमध्ये वाढून 1 लाख 30 हजारांवर गेली. आनंदाची गोष्ट. पण त्याच जनगणनेत पश्चिमी बेटांवर, जी या भाषेचं घर, गेलिक बोलणारे निम्म्याहून कमी भरले. 2011 मध्ये ते निम्म्याहून जास्त होते. म्हणजे बोलणारे वाढताहेत ते ग्लासगो-एडिंबरोत, शाळेत आणि मोबाइलवर शिकून. त्यांना नावं पाटीवरून कळणार, त्यामुळं पाटी शुद्ध हवीच. ज्यांना नावं आजीकडून कळली ते मात्र सत्तरी-ऐंशीत आहेत. पाटी दहा वर्षांनीही लावता येईल.

एडिंबरो विद्यापीठात 1951 मध्ये स्कॉटिश अभ्यास विभाग सुरू झाला आणि त्याच्या लोकांनी ध्वनिमुद्रण यंत्रं घेऊन बेटं पालथी घातली. स्थलनामांचं वेगळं सर्वेक्षणही तिथं सुरू झालं. त्यातलं बरंच ध्वनिमुद्रण 2010 पासून कुणालाही ऐकता येतं. गोष्ट सांगता सांगता म्हातारा मधेच म्हणतो, 'तो अमका खडक आहे ना, त्याच्या मागं', आणि खडकाचं नाव आपोआप पडतं, त्याच्या खऱ्या आघातासकट, बोलण्याच्या ओघात. प्रश्नावलीतून असं नाव मिळत नाही. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी फॉर्म घरी ठेवावा आणि माणसाबरोबर त्याच्या रानात चालावं. परवानगी मात्र विचारावी. जिवंत माणसाचं नाव 'आधार' म्हणून जगजाहीर करायचं की नाही हे त्यानं ठरवायचं. वहीत ते असलंच पाहिजे, संकेतस्थळावर नसलं तरी चालेल. गावातली काही नावं शेजाऱ्याची चेष्टा करणारी असतात, हे विसरू नये.

या सगळ्याचा आपल्याशी एक धागा आहे, ओढूनताणून आणलेला नाही. भारताचा पहिला सर्व्हेयर जनरल कॉलिन मॅकेंझी हा लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवेचा. दख्खनमध्ये मोजणी करता करता त्यानं हस्तलिखितं आणि गावोगावच्या कैफियती जमवल्या, त्यांत मराठी कागदही आहेत. हे काम त्याच्या हाताखालच्या कवली बंधूंसारख्या इथल्याच माणसांनी केलं. ते गावात जाऊन करणमला (गावच्या हिशेबनिसाला), पुजाऱ्याला विचारत आणि लिहून घेत. मॅकेंझी 1821 मध्ये कलकत्त्याजवळ वारला. त्याच्या स्वतःच्या बेटाची मोजणी त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी झाली. आणि आपल्या सातबाऱ्यावर अजूनही 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. मी पाहिलेल्या बऱ्याच उताऱ्यांवर तो कोरा होता. त्यावर वेगळा लेख होईल.

स्कॉटलंडच्या संसदेनं जून 2025 मध्ये गेलिक आणि स्कॉट्स (इंग्रजीच्या जवळची तिथली भाषा) या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा मंजूर केला. आता परगण्यांच्या भाषा-योजना नव्यानं लिहिल्या जातील, त्यांत पाट्यांचा खर्च हमखास असेल, कारण पाटीचा फोटो निघतो. त्याच योजनांत लुईस, यूइस्ट, स्काय, बॅरा इथल्या प्रत्येक वाडीसाठी एक चालता-बोलता नोंदकर्ता, ध्वनिमुद्रक आणि दोन-तीन वर्षांचा पगार एवढं आधी घालावं, पाट्या त्यानंतर. शक्य झालं तर तो नोंदकर्ता त्याच वाडीतला असावा, आणि शुद्धलेखन त्याला येत नसेल तर त्यावरून त्याला नाकारू नये. ऐकून लिहिणारे विद्यापीठात पुष्कळ आहेत.